काळ्या खडूने रंगवलेला देश

जोडीबाईचं खरं नाव कारखान्याच्या हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं होतं. त्या नावाने हाक मारणारा एकटा नवरा, तोही तीन वर्षांपूर्वी गेला. बाकी साऱ्या जगाला ती जोडीबाई, कारण मोज्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं ती जोड्या लावत होती. यंत्रातून मोजे सुटे सुटे पडतात, वाफेवर इस्त्री होऊन टोपलीत येतात, आणि मग कुणीतरी दोन मोजे हातात धरून, टाचेला टाच आणि बोटांना बोटं लावून, दोन्ही सारख्या लांबीचे आहेत का ते बघावं लागतं. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण एकाच यंत्रातून, एकाच धाग्याचे निघालेले मोजेसुद्धा सारखे नसतात, हे आठ तास उभं राहून पाहिल्याशिवाय कळत नाही. जगाच्या पायांची सोय दिवसभर करायची आणि घरी आल्यावर स्वतःचे सुजलेले पाय कोमट पाण्याच्या बादलीत घालून बसायचं, असा तिचा दिनक्रम होता.

एवढं करून रविवार तरी मोकळा असावा की नाही? तो नव्हता. रविवारी सकाळी चर्चच्या मागच्या खोलीत शब्बाथशाळा भरायची, म्हणजे लहान मुलांचा बायबल शिकण्याचा वर्ग, आणि तो गेली बावीस वर्षं जोडीबाईच्याच गळ्यात होता. आधी हौस होती. मग सवय झाली. आता नुसता शीण उरला होता. मुलं गोड होती, त्याबद्दल वाद नाही. पण सहा दिवस राबलेल्या माणसाला सातव्या दिवशी बारा गोड मुलं म्हणजे काय, ते बारा मुलांसमोर उभं राहणाऱ्यालाच विचारावं.

"पाळकसाहेब, आता दुसऱ्या कुणाला तरी द्या," तिने चर्चच्या पाळकांना महिन्याच्या सुरुवातीला सांगून पाहिलं होतं.

"ताई, दुसरं कोण आहे? तुम्हीच दाखवा, मी लगेच देतो," पाळक म्हणाले.

तिने मंडळीवरून नजर फिरवली. एक ऐकू न येणारी, एक येईल तेव्हा खरी, आणि एक वाफवाली. वाफवाली तिच्याच कारखान्यात, शेजारच्या इस्त्रीच्या खात्यात. मनाने चांगली, पण तिच्या पोटात पाणीसुद्धा राहत नसे. चर्चच्या बायकांची फोनवर प्रार्थनेची साखळी होती, आणि वाफवालीला सकाळी कळलेलं दुखणं दुपारपर्यंत चाळीस घरांत पोचायचं. तिच्या हाती मुलं द्यायची म्हणजे पालकांचे सगळे संसार चव्हाट्यावर. "हा महिना घेते," जोडीबाई म्हणाली. "पण हा शेवटचा."

"मग हे घ्या," म्हणत पाळकांनी त्या महिन्याचं पत्रक तिच्या हातात ठेवलं.

चर्चची एक पद्धत होती. दर महिन्याला जगातल्या एका देशाची माणसं मुलांनी समजून घ्यायची आणि महिनाभर त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. पत्रक वरून छापून यायचं. माहिती, चित्रं, आणि हाताने करायचं एखादं काम. या महिन्यात चेक लोक होते.

"चेक म्हणजे चौकड्यांचे शर्ट घालणारे का, बाई?" वर्गातल्या जुळ्या भावांपैकी एकाने विचारलं, आणि दुसऱ्याने आधीच ठरवल्यासारखं खो खो हसून घेतलं.

पत्रकात टेकडीवरचा किल्ला होता, दगडी पूल होता, दोऱ्यांनी नाचवायच्या बाहुल्या होत्या. मुलं रमली. मग शेवटचं पान आलं. तिथल्या बहुतेक लोकांचा देवावर विश्वास नाही, असं तिथं लिहिलं होतं, आणि खाली देशाचा कोरा नकाशा होता. विश्वासणारे थोडे म्हणून थोडे पिवळे ठिपके काढायचे, आणि अंधारातले पुष्कळ म्हणून उरलेला देश काळ्या खडूने भरायचा. मुलांना रंगवायला सांगितल्यावर ती मागे कशाला बघतायत! जुळ्यांनी बोटं काळी होईपर्यंत देश भरला, तो नकाशा मोठ्या कागदावर चिकटवून भिंतीवर लावला, आणि रोज रात्री झोपताना या लोकांना प्रकाश मिळो असं म्हणायचं ठरलं.

"त्यांचा विश्वास का बरं नाही?" आठ वर्षांच्या एका मुलीने विचारलं. तिचं प्रत्येक वाक्य 'का बरं'पाशीच जाऊन पोचायचं म्हणून वर्गाने तिचं नावच काबरं ठेवलं होतं.

"पुढच्या रविवारी सांगते," जोडीबाई म्हणाली. ते तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर तिने आधी ते स्वतःच्या घरी वापरलं असतं.

कारण घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, अशी तिची गत होती. चेक लोक राहिले दूर. तिच्या पोटचा एकुलता एक मुलगा चर्चला येईनासा झाला होता. तो दुसऱ्या शहरात लिफ्टची दुरुस्ती करायचा, बायको आणि तो दोघंच, बसने अडीच तासांवर. भांडण नाही, व्यसन नाही. एक दिवस त्याने शांतपणे सांगितलं होतं, "आई, मला ते आता खरं वाटत नाही. वाटत नसताना डोळे मिटून बसायला बरं वाटत नाही." यापेक्षा तो दारू प्यायला असता तर तिला सोपं गेलं असतं, त्यावर काय बोलायचं ते तिला माहीत होतं.

आणि मग चिठ्ठीचं झालं. चर्चच्या दाराशी एक लाकडी पेटी असायची. कुणाचं दुखणं, कुणाची नोकरी, जे काही असेल ते चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचं. उपासनेच्या शेवटी पाळक चिठ्ठ्या वाचणार आणि सगळी मंडळी मिळून त्यासाठी प्रार्थना करणार. पद्धत चांगलीच. नवऱ्याच्या आजारपणात तिला त्या पेटीने उभं ठेवलं होतं. नवऱ्याला जाऊन वर्ष झालं त्या रविवारी तिने लिहिलं, "माझा मुलगा विश्वासापासून दूर गेला आहे. प्रभूने त्याला परत आणावं." पाळकांनी ते वाचलं. मंडळीने डोळे मिटले. मागून एका वडीलधाऱ्यांनी आवाज चढवून "हे प्रभू, या उधळ्या पुत्राला" अशी, बायबलातल्या घर सोडून गेलेल्या मुलाच्या गोष्टीवरून, सुरुवात केली, आणि उधळा पुत्र तिसऱ्या रांगेत बसलेला होता. बापाच्या आठवणीसाठी, आईला एकटं वाटू नये म्हणून, पहाटेची बस धरून तो आला होता. उधळा म्हणे! जुनी चप्पल तीनदा शिवून वापरणारा मुलगा तो. आमेन म्हणून सगळ्यांनी डोळे उघडले तेव्हा ती जागा रिकामी होती.

"तू येशील हे मला माहीत नव्हतं," असं तिने नंतर त्याला कळवलं. ते खोटं होतं. तो येणार हे तिला माहीत होतं, म्हणून तर तिने लिहिलं होतं. शंभर माणसांनी मिळून ढकललं तर हलेल, असं तिला वाटलं होतं.

त्याला दोन वर्षं झाली. मुलाने फोन उचलला नाही. दर रविवारी दुपारी ती त्याला शास्त्रातलं एक वचन पाठवायची. दोन निळ्या खुणा उमटायच्या, म्हणजे वाचलं. उत्तर यायचं नाही. गुडघे टेकून रोज तेच मागायची, परत आण, परत आण. आणि अलीकडे मागतानासुद्धा तिचं तिलाच ऐकू येत नसे. मुलगा असाच कायमचा जाणार, ही भीती तिला टाचेपासून मानेपर्यंत दमवत होती. आता आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? वर्ग सोडायचं खरं कारण पाय नव्हते.

त्याच महिन्यात कारखान्यात विणकामाची चार नवी यंत्रं आली, आणि ती बसवायला त्यांच्याबरोबर एक फिटर आला. साठीचा, उंच, वाकलेला, खिशात स्वतःचा चिमटा आणि भिंग. पूर्वी या भागात दोनतीनदा येऊन गेल्यामुळे त्याला कामापुरती भाषा येत होती. जेवणाच्या सुट्टीत तो खिडकीपाशी, म्हणजे जोडीबाईच्या टेबलाशेजारी, डबा उघडून बसायचा. तिसऱ्या दिवशी तिला कळलं की माणूस चेक आहे.

मुलांना सांगायला काही मिळेल म्हणून तिने विचारायला सुरुवात केली. तो तुटक बोलायचा, पण टाळायचा नाही. तिकडची मुलं बर्फावर घसरगाडी खेळतात. सुट्टीत आजीकडे जातात, रानात अळंबी शोधतात. शाळेत गणित सगळ्यांना जड जातं.

"आणि चर्च?" तिने हळूच विचारलं.

"आहे की. गावाच्या मधोमध," तो म्हणाला. "बारा वाजता घंटा वाजते. आम्ही घड्याळ लावतो."

"आत कोणी जात नाही?"

"तीन म्हाताऱ्या जातात. छप्पर गळत होतं तेव्हा मी शिडी घेऊन गेलो होतो. छान आहे आतून."

त्याला रविवारी बोलवावं हे तिच्या तोंडून कसं निघालं, कुणास ठाऊक. मुलांवरचं प्रेम वगैरे म्हणता येईल, पण खरं सांगायचं तर अर्धा तास दुसरं कुणी बोललं तर आपल्याला बसता येईल, एवढाच विचार तिच्या मनात होता.

"चर्चमध्ये?" त्याने घास हातात धरून विचारलं.

"मागच्या खोलीत."

त्याने जरा विचार केला. "मागच्या खोलीत चालेल."

रविवारी तो स्वच्छ शर्ट घालून, केस पाण्याने बसवून आला. मुलांना तो आल्याचा इतका आनंद झाला की पहिली पाच मिनिटं नुसता गोंधळ झाला. जोडीबाईने त्याला खुर्ची दिली, स्वतः बाकावर टेकली, आणि तिला खरोखर बरं वाटलं. तेवढ्यात तो खुर्चीवरून अर्धवट उठून भिंतीकडे बघू लागला, आणि तिनेही मान वळवली. सकाळी मुलांच्या खुर्च्या लावल्या, फळा पुसला, पाण्याचं भांडं भरलं; सगळं केलं आणि तो नकाशा तेवढा तिला दिसलाच नव्हता. दर रविवारी तीच तीच बघून माणसाला भिंत दिसेनाशी होते.

"हा आमचा देश," तो म्हणाला. त्याने आकार ओळखला होता.

"हो!" जुळे एका सुरात ओरडले. "आम्हीच रंगवला!"

"काळा का?"

जोडीबाई तोंड उघडणार, पण मुलांशी शर्यत कोण जिंकणार? "काळे म्हणजे विश्वास नसलेले," एका जुळ्याने शाळेतल्या उत्तरासारखं घडाघडा सांगितलं. "पिवळे ठिपके म्हणजे विश्वासणारे. काळ्यांना काही दिसत नाही. तुम्ही काळे की पिवळे?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं जोडीबाईला झालं. दोन वर्षांपूर्वीची तिसरी रांग पुन्हा तिच्यासमोर होती. पुन्हा एक माणूस पाहुणा म्हणून बोलावलेला आणि पुन्हा त्याच्याच देखत त्याचा निकाल लावलेला, तोही तिच्याच वर्गात, तिच्याच हातून.

फिटरने खिशातून भिंग काढलं आणि नकाशाजवळ जाऊन, यंत्रातली सुई बघावी तसं नीट बघितलं. मग काळ्या भागात एका ठिकाणी बोट ठेवलं. "इथं मी राहतो. म्हणजे काळा," तो म्हणाला. "फार खडू लागला असेल."

"तीन!" जुळे म्हणाले.

"तीन. हं." तो परत खुर्चीवर येऊन बसला. रागावला नव्हता. तो फक्त दमलेला दिसला, आणि तो शीण जोडीबाईने लगेच ओळखला. मुलाच्या तोंडावर तिने तो आधी पाहिला होता, पण तेव्हा तिला तो हट्ट वाटला होता.

काबरं त्याच्या खुर्चीजवळ जाऊन उभी राहिली. "काका, आम्ही तुमच्या लोकांसाठी रोज प्रार्थना करतो. पत्रकात लिहिलंय, त्यांना प्रकाश मिळो. तुमच्याकडे लाइट असते ना?"

"असते."

"मग मी तेच तेच का बरं मागतेय? तुम्हाला काय हवंय?"

"काबरं, असं पाहुण्यांना विचारू नये," जोडीबाई घाईघाईने म्हणाली.

"विचारू दे," फिटर म्हणाला. त्याने भिंग परत खिशात ठेवलं. "घरी माझी बायको आहे," तो म्हणाला. "तिची बहीण तिच्याजवळ असते. बायको विसरते. आधी किल्ल्या विसरायची. आता कधी कधी मलाच ओळखत नाही. मी वीस तारखेला घरी जाणार. दार उघडल्यावर तिने मला ओळखावं. एवढंच."

"बस?" काबरंने विचारलं.

"ते पुष्कळ आहे," तो म्हणाला.

मुलांनी डोळे मिटले. सांगावं लागलं नाही. "देवबापा," काबरं म्हणाली, "काका वीस तारखेला घरी जाणार आहेत. काकूंनी त्यांना ओळखू दे. आणि नाही ओळखलं तर आत तरी घेऊ दे. येशूच्या नावाने मागते, आमेन." फिटरने डोळे मिटले नव्हते. तो गुडघ्यांवर हात ठेवून जमिनीकडे बघत होता. जोडीबाईनेही मिटले नव्हते, म्हणून तिला हे दिसलं.

निघताना दारात तो तिला म्हणाला, "डॉक्टर विचारतात ती जेवते का, झोपते का. मला काय हवंय, ते कुणी विचारलं नव्हतं." मग त्याने तिचा हात हातात घेतला, सोडला आणि तो गेला.

तिने नकाशा उतरवला. "बाई, तीन खडू लागले होते!" जुळ्यांनी आरडाओरडा केला. तिने त्यांना रागावलं नाही. त्यांचा दोष नव्हता, खडू तिनेच वाटले होते.

घरी येऊन तिने चहासुद्धा केला नाही. पाय न धुता ती खुर्चीवर बसून राहिली. तिला लाज वाटत होती, अगदी कानशिलं तापावीत अशी. मुलासाठी दोन वर्षं ती रोज गुडघे टेकत होती आणि त्याला काय हवंय हे तिला माहीत नव्हतं. तिला काय हवंय तेच ती मागत होती, त्याच्या नावावर. आठ वर्षांच्या पोरीला जे सुचलं ते आपल्याला सुचू नये? सुचलं नाही खरं.

दुपारी वचन पाठवायची वेळ झाली. तिने वचन पाठवलं नाही. चष्मा लावून, एका बोटाने, पुसत पुसत तिने लिहिलं, "तू येणार हे मला माहीत होतं. खोटं बोलले. तुझ्यासाठी रोज मागते पण काय मागू ते कधी विचारलं नाही. काय मागू? काहीच नको असेल तर तसं सांग." पाठवून तिने फोन उशीखाली ठेवला, जणू तो चावेल.

त्या दिवशी निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. सोमवारी नाही. मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला, दोन्ही हातांत एकेक राखाडी मोजा असताना, तिच्या एप्रनचा खिसा थरथरला.

"आई, लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना माझे हात कापतात. सोबतचा एक जण पडला, चार महिने झाले, तेव्हापासून. ऑफिसात सांगितलं तर काम जाईल. घरी हिलाही सांगितलेलं नाही. देव आहे की नाही मला माहीत नाही. पण तू मागणारच आहेस, तर उतरताना हात स्थिर राहू देत एवढं माग. आणि कुणालाही सांगू नकोस."

तिने ते तीनदा वाचलं. चार महिने. चार महिने मुलगा रोज सकाळी त्या काळोख्या खड्ड्यात उतरत होता आणि ती इकडून त्याला वचनं पाठवत होती. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने मोज्याने पुसलं.

"कुणाचा गं? मुलाचा?" वाफवालीने इस्त्रीच्या खात्यातून मान लांब केली. "दोन वर्षांनी! काय म्हणतो? काही अडचण आहे का त्याची? सांग ना, साखळीत टाकते लगेच. चाळीस जणी आहोत, संध्याकाळपर्यंत सगळ्या मागतील."

जोडीबाईने फोन खिशात घातला. चाळीस जणी. मोह झाला, नाही म्हणू नये. एवढी मोठी भीती आणि मागायला ती एकटी.

"काही नाही," ती म्हणाली. "बरा आहे."

वाफवाली खट्टू होऊन परत वाफेत गेली. जोडीबाईने मोजे उचलले, टाचेला टाच लावली, आणि यंत्रांच्या आवाजात, डोळे उघडे ठेवून, ओठ न हलवता ती मागत राहिली. सुट्टीची घंटा होईपर्यंत तिच्या टेबलाशेजारून सातआठ माणसं गेली आणि कुणालाही काही कळलं नाही.